रुखमाबाईच्या हातचं लोनचं

सावरखेडी, पोंभुर्ण्याजवळ
१२ नोव्हेंबर १९५६

मुखरू,

तुह्या मोठ्या बहिनीचा, बाईचा आशीर्वाद. पयले हे पाह्य का पाकीट नीट चिकटलेलं हाय का नाई. उकललेलं दिसलं तं समज मंगरू मास्तरनं वाचलं. शाळेचा मास्तर तोच अन् पोस्टाचा बी तोच, म्हून पोरायले धडा देयाच्या पयले तो चिचेखाली बसून गावाले कार्डं वाचून दाखवते. गावानं आयकाव असं असलं तं मी कार्ड लिहिते. नाई आयकाव ते पाकिटात. हे पाकिटातलं हाय, घरवालीच्या, इतवारीच्या समोर मोठ्यानं वाच, तिले हासाले होईन.

दिवाळीमांगच्या मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या नातवाचं बारसं झालं. गुणवंतराव पाटील पंगतीत पयल्या पाटावर. तोच गुणवंतराव, ज्यानं बारा वर्सापयले पंच बसवून तुले जातीभाईर काडलं अन् म्हनलं, "मुखरूनं गोंडाची पोरगी केली. त्याच्या घरचं मीठ ज्याच्या जिभेले लागलं, तो बी भाईर." त्या जिभेनं परवा लोनचं तीनदा मांगलं. बोटं चाटले. अन् साऱ्या पंगतीले आयकू जाईन असं म्हनला, "रुखमाबाईसारखा चोखा हात साऱ्या मुलखात नाई." मी पदर तोंडात कोंबून मांगच्या दारी पळाली.

तुले त मालूम हाय, आपल्या गावात लोनच्याले सवाष्नीचा हात नाई चालत. पाळीचा विटाळ लागते, बरणी नासते म्हनतात. मंग कोनाचा हात घ्याचा? रांडमुंड बाईचा. हळदी-कुंकवाले मी दारात नको, नवरीच्या मांडवात माही सावली नको, पन बरणीत माहा हात सोन्याचा! अन् मले कुठी येते लोनचं? इतवारी बांबूच्या बनातले कोवळे कोंब, वास्ते, मिठात मुरवते, चैतूच्या ट्रकावर धाडते, मी निसती बरणी बदलते. तिले सांग, आठ वर्सं झाले तुह्या हातचं खाऊन अजून पाटलाची जीभ झडली नाई.

आता कामाचं. तुही पोरगी बुधरी दहा वर्साची झाली. तुह्या मोहटोल्यात शाळा दुसरीपर्यंत, ते दुसरी तिनं दोनदा शिकली. अहेरीले ठिवाव तं कोनापाशी? इथी शाळा सातवीपर्यंत झाली. जूनमंदी तिले माह्यापाशी धाड. मी एकटी, घर रिकामं. मास्तरच्या रजिस्टरात नाव रंभा लावू, बुधरी म्हनलं का लगेच गोंडाची समजते. अन् म्हनू का माह्या मालकाच्या चुलतभावाची, बिनमायची पोर हाय. चार-पाच वर्सं जीभ सांभाळली का पोरगी सातवी.

तलाव टम्म भरला. चिन्नोर धान कापाले आला, बांधावरून चाललं का वासानं पोट भरते. मास्तर म्हने आपून आता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. मी म्हनली, मास्तर, मी त कालच्याच ओसरीवर बसली हाओ, गेलं कोन?

वाट पायते.
बाई


मोहटोला, अहेरीकडचं
२ डिसेंबर १९५६

बाई,

पाय पडतो.

तू सांगतलं तसं इतवारीच्या समोर मोठ्यानं वाचलं. लोनच्याचं आलं तवा ती एवढी हासली का हातातलं सूप पडलं, सारे तांदूळ आंगनात. मंग "बिनमायची" आलं. मी थांबाले पायजे होतं, पन तोंड चालू होतं, वाचून गेलो. ती उठली अन् म्हनली, बैलाले पानी दाखवून येते. बैल पानी पिऊनच बसला होता, बाई.

तू आमाले हासवाले लिहिलं अन् त्याच कागदावर माही बायको मारून टाकली. पोरीनं मायचं नाव अन् सोताचं नाव दाराभाईर ठिवून शाळेत जाच? हेच कराचं असतं तं मी बारा वर्सापयलेच केलं असतं. पंच म्हनतच होते, तिले सोड, जातीले जेवन दे, अन् ये आत.

तुले तो दिवस याद असन. मी विहिरीवर गेलो, दोर सोडला, अन् पोचूनं माह्या हातातून दोर काडून घेतला. पोचू! दंडारीत माह्याजोडीनं नाचनारा पोचू. त्यानं माह्याकडं पायलं बी नाई, दोर गुंडाळत राह्यला. त्या विहिरीवर तू माही पोरगी नेनार, खोटं नाव सांगून? अन् एक दिवस कोनी तिच्या हातचा दोर काडला तं?

मले त्या गावाची लालूच दाखवू नको. तलाव नको लिहू, चिन्नोर नको लिहू. लिहिलं त लिहिलं, मी कागद नाकाले लावून पायला. येडाच हाओ. शाईचाच वास आला.

मुखरू


सावरखेडी
५ जानेवारी १९५७

मुखरू,

तुहं पाकीट आलं अन् मी चार दिवस कोनाशी धड बोलली नाई. आशाबाई पाटलीन म्हने, "रुखमाबाई, दात दुखते का वो?" मी म्हनली हो, अक्कलदाढ येऊन राह्यली.

चुकलं. त्या शब्दाची लाज वाटली. इतवारीले सांग का माह्या हाताले लिहाची सवय हाय, इचाराची नाई. पन लाज वाटल्यानं पोरगी सातवी होत नाई, मुखरू! तू तिकडं बसून खऱ्याची पाटी छातीवर लावून घेशीन, ते बरं हाय. पोर मात्र तेंदूपत्त्याचे पुडे बांधत मोठी होईन. मी खोटं सांगते तं निदान शाळेच्या दारापर्यंत त पोचते. तुह्या खऱ्यानं ती कुठी पोचली, सांग.

अन् मले शिकवू नको हे गाव कसं हाय ते. तू बारा वर्सं झाले भाईर हायेस, मी आतच हाओ. आत राहून भाईर असनं काय असते ते मले इचार. लग्नात मांगच्या रांगेत बसवतात, पन भाताचं पानी किती ठिवाच ते मलेच इचाराले येतात. कधी असा राग येते का वाटते घराले कुलूप लावाव अन् तुह्यापाशी याव. मंग सकाळी तलावावर जाते, बगळे बसलेले असतात, पोचूची सून म्हनते, "आत्याबाई, भारा उचलू लागू का?" अन् माहा राग गवतावरच्या दयवारासारखा वाळून जाते. मंग त्याचाच राग येते. काय कराव असल्या गावाचं? सोडता बी नाई येत अन् गिळता बी नाई येत.

माघात पाटलाच्या लेकीचं लग्न हाय. आशाबाई सोता येऊन बरणी ठिवून गेली, निळ्या काठाची, चिनी मातीची. इतवारीले इचार, माह्यावर रुसली नसन तं दोन बरण्या लोनचं धाड. रुसली असन तं बी धाड.

अन् बुधरीले म्हन, आत्याबाईले सोताच्या हातानं चार ओळी लिही. अक्षर त पाहू दे.

बाई


मोहटोला
३० जानेवारी १९५७

बाई,

चैतूच्या ट्रकावर दोन बरण्या धाडल्या. आष्टीच्या घाटावर नदी पार कराले डोंग्यात उतरवताना एकीचं फडकं भिजलं, पन आत पानी गेलं नाई. 

इतवारीनं सांगतलं ते जसंच्या तसं लिहितो. "लोनचं घ्या. पोरगी देत नाई. लोनच्यावर कोनाचं नाव नसते, पोरीवर असते."

बुधरी मात्र दोन दिवस जेवली नाई. तिले शाळा पायजे.

मुखरू


मोहटोला
१८ फेब्रुवारी १९५७
(कार्ड)

आत्याबाईले बुधरीचा नमस्कार.

बाबानं सांगतलं तू माहं अक्षर पाह्याले मांगतलं. घरात पाकीट नोतं. चैतूकाकानं बाजारातून एक कार्ड आनून देल्लं ते माहंच हाय. मी पयल्यांदा लिहून राह्यली, चुकलं तं हासू नको.

तुह्या पाटलानं आईचं लोनचं बारशात तीनदा मांगलं अन् बोटं चाटले ते बाबानं वाचलं तवा आम्ही लय हासलो. आता लग्नाच्या लोनच्यात आईनं तीळ जास्त टाकले. लग्नात पाटलानं कितीदा मांगलं ते मोजून लिही.

मले आई हाय. म्हून मी बिनमायची नाई. माहं नाव बुधरीच पायजे. पन मले शाळेत याच हाय.

आमच्या पोपटाले गोंडी बी येते अन् मराठी बी.

बुधरी मुखरू


सावरखेडी
२७ फेब्रुवारी १९५७

मुखरू,

पोरीचं अक्षर सुंदर हाय. मोत्यासारखं. साऱ्या गावानं पायलं.

समजलं ना? लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कार्ड आलं. चिचेखाली माणसं बसली होते, अजून लग्नाचाच ढेकर देऊन राह्यले होते. मास्तरनं चष्मा पुसला अन् कौतुकानं सुरू केलं, "आत्याबाईले बुधरीचा नमस्कार." तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज बसला. पन आता थांबतो कसा? पोचू म्हनला, "वाचा मास्तर, पुढं काय म्हनते?" शेवटपर्यंत वाचाव लागलं त्याले. मी ओसरीवर शेंगा फोडत होती. माह्यापर्यंत गोष्ट याच्या आंधी माह्या आंगनात माणसं आले.

पोरीवर रागावू नको. मीच म्हनली होती लिही म्हून. मीच तुले पाकिटात बढाया लिहिल्या. कार्ड कोनतं अन् पाकीट कोनतं हे शिकवाले कोन्या शाळेत धडा हाय?

संध्याकाळी गुणवंतराव आला. एकटाच. दारात उभा राहून म्हने, "रुखमाबाई, येत्या इतवारी पंच बसवाव लागते. लोक आयकत नाईत."

मी म्हनली, "बसवा ना. तिच्याच नावाचा वार हाय."

तो हासला नाई. म्हने, "तू निसतं एक म्हन. लेकरानं खेळात खोटं लिहिलं. लोनचं तूच केलं. मिटलं. मी पुढं कोनाले बोलू देत नाई."

घाम आलता त्याले, मुखरू. कांबळीत बसल्यासारखा. तवा मले समजलं, याले माह्यापेक्षा जास्त भेव हाय. मी भाईर गेली तं तो बी भाईर. आठ वर्सं खाल्लं न त्यानं, घरदारासगट.

तरी मले भेव लागून राह्यलं. मी एकटी हाओ. पोरीले खोटारडी म्हनू का? एका वाक्यात सुटते. तू म्हनशीन ते करते. लवकर लिही, इतवार जवळ आला.

बाई


मोहटोला
४ मार्च १९५७

बाई,

तुहं पाकीट आत्ताच भेटलं, इतवार त काल होऊन गेला. तरी लिहितो. पंच पुढं ढकलले असन तं म्हून.

म्हन का पोरीनं खोटं लिहिलं. लगेच म्हन. मी मांगं जे लिहिलं ते सारं इसर. मी जवान होतो, संगं बायको होती, जंगलात काम भेटलं, म्हून भाईर राहून जगलो. तू काय करशीन? तुले ताप आला तं पानी कोन देईन? मेली तं खांदा कोन देईन? मी त्या गावात पाय ठिवू शकत नाई, बाई. तुह्यासाठी बी नाई येता येनार.

पोरीले मी समजावतो. लहान हाय, इसरून जाईन. 

हे इतवारीले वाचून दाखवलं नाई.

मुखरू


सावरखेडी
१२ मार्च १९५७

मुखरू,

तुहं पाकीट पंच होऊन गेल्यावर पाच दिवसानं आलं. बरं झालं उशिरा आलं. आंधी आलं असतं तं मी आयकलं असतं.

आता जे झालं ते लिहिते.

चिचेखाली समदे जमले. बाया घरायच्या दारात. गुणवंतराव गोड बोलला, "रुखमाबाई, लेकराच्या हातून खेळात काईबाई लिहिलं जाते. नाई का?"

मी म्हनली, "पाटील, लेकराचं अक्षर चांगलं हाय."

"अक्षराचं नाई इचारलं."

"मंग काय इचारलं?"

"लोनचं कोनं केलं?"

मी घरून ठरवून आली होती, मुखरू. "मी केलं" म्हनाचं, अन् घरी जाऊन भात टाकाचा. एवढंच. पन तवा मले तुहा बैल याद आला, पानी पिऊन बसलेला. माह्या तोंडातून निंघालं, "मले कैरी कापाचा बी कटाळा येते. लोनचं इतवारीनं केलं. माह्या भावाची बायको, बुधरीची माय. आठ वर्सापासून तीच करते. पोरीनं एक अक्षर खोटं लिहिलं नाई."

मंग कोलू म्हातारा, त्याले कमी आयकू येते, पन हिशेब लवकर होते, तो म्हनला, "मंग त आपुन समदेच भाईर झालो न गा. आत कोन उरलं?"

त्यावर जे झालं ते तुले पटनार नाई. मले वाटलं, आता एकतर मले काडतील, नाईतर लाजेनं का होईना म्हनतील, जाऊ द्या, आठ वर्सं कोनाचं काई झालं नाई, सोडून द्या हे. दोनातलं काईतरी होईन. गुणवंतराव उठला अन् म्हनला, "बाईचं डोस्कं फिरलं. मालक गेल्यापासून एकटी राह्यते. उन लागलं." अन् सारेच्या सारे, मुखरू, सारेच्या सारे सुटल्यासारखे म्हनाले लागले, "हो हो, उनच लागलं. लग्नात लय दगदग झाली तिले." पोचू धावत गेला अन् विहिरीतून पानी आनून माह्या डोक्यावर ओतलं. तुह्या हातचा दोर काडनारा पोचू! आशाबाईनं कांदा फोडून माह्या नाकाले लावला. मी वरडून राह्यली, मी शहानी हाओ, मी शहानी हाओ! जेवढी वरडली तेवढे ते मान हालवत गेले.

भाईर टाकलं असतं तं बरं झालं असतं. निदान मी बोलली असं त झालं असतं. आयुष्यात पयल्यांदा चार माणसात खरं बोलली, अन् त्या माणसायनं ते खरं तुह्या बायकोच्या लोनच्यासारखं गिळून टाकलं. ढेकर बी देल्ला नाई. मी असल्या गावात जलमली, असल्या गावात मरनार, अन् हे गाव सोडून दुसरीकडं मले झोप लागत नाई. मलेच काय म्हनाव?

आता मारे माया करून राह्यले. पोचूची सून भाजी आनून देते, "आत्याबाई, बरं वाटते का?"

पन येडीचे फायदे हायेत, मुखरू. दुसऱ्याच दिवशी मी मास्तरच्या घरी गेली. म्हनली, "जूनमंदी एक पोरगी येनार हाय, आत्ताच लिहून ठिवा. नाव बुधरी. बाप मुखरू. माय इतवारी, मोहटोला." तो म्हनला, "मायच्या नावाचा रकानाच नाई." मी म्हनली, "मंग कडेले लिहा." "पाटील इचारन तं?" "सांगजा, येडी आलती." मास्तरनं टाक बुडवला. मंग कडेले लिहिलं, बारीक अक्षरात. म्हने, "कायद्यानं मले नाई म्हनता येत नाई, बाई. पन विहिरीचं मले इचारू नको."

विहिरीवर मी नेईन तिले. येडीच्या हातचा दोर कोन काडते पाहू.

पन हे मी एकटीनं ठरवलं. पोरगी ज्या माऊलीची हाय तिले इचार. अन् तू लपवून ठिवलेलं तुहं ते पाकीट बी तिले वाचून दाखव.

बाई


मोहटोला
१० एप्रिल १९५७
(पाकीट, आत्याबाई, मी इचारून घेतलं)

आत्याबाई, आई सांगते, मी लिहिते.

बाई, तुम्ही येड्या नाई. मी आमच्या पेनाच्या, देवाच्या समोर तुमच्या नावानं तांदूळ ठिवले.

बाबानं लपवलेला कागद वाचला. मी त्यायच्यावर दोन दिवस रागावली. मंग समजलं, त्यायले तुमची काळजी, मले पोरीची काळजी, पोरीले शाळेची काळजी, अन् तुमच्या गावाले निसती जिभेची काळजी.

पोरीले धाडते. पन चैतूच्या ट्रकावर सामानासारखी धाडत नाई. मी सोता आनून सोडते. मांगच्या दारानं येनार नाई. पोरीले कोनी इचारलं तुही माय कोन, तं मी तिथी उभी पायजे. एक दिवस राहून वापस येईन. पानी माहं मी सोबत आनीन.

वास्ते आता नाईत, पावसात निंघतात. लोनचं मांगू नका.

आईचं झालं. बाबाले दोन ओळी लिहाच्या हायेत.

बाई, मी आष्टीच्या घाटापर्यंत येतो. डोंग्यात बसवून देतो यायले. नदीपलीकडं पाय ठिवाले अजून जमत नाई. हासू नको. मुखरू


सावरखेडी
२९ मे १९५७

मुखरू,

नाई हासत. घाटापर्यंत ये. घाट बी आपलाच हाय.

इतवारीले सांग, पानी सोबत आनू नको. घागर जड होते अन् मले अपमान वाटते.

आता एक गोष्ट सांगते. हे पाकिटातच राहू दे, बुधरीले बी बजाव. परवा दुपारी उन्हानं कुत्रे बी सावलीत गेले होते, तवा आशाबाई पाटलीन आली. पदराखाली निळ्या काठाची बरणी. ओसरीवर बसली, इकडचं तिकडचं बोलली, लेक सासरी कशी हाय ते सांगतलं. मंग हळूच म्हने, "रुखमाबाई, लेकीले दिवस गेले वो. तिले दुसरं काई जिभेवर ठरत नाई. थोडं लोनचं असन तं..."

मी म्हनली, "माह्या हातचं नाई ते. मी येडी असली तरी एवढं मले याद हाय."

ती म्हनली, "मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"आठ वर्सं मालूम हाय वो. त्याच्या आंधी तू सोता केलेलं लोनचं मी खाल्लं होतं. गुराले बी देता आलं नाई ते."

मुखरू, मी तोंडावर हात ठिवला. मले हासू आलं अन् त्याच्या मांगं असा राग आला का मी तिचा हात धरला. म्हनली, "मंग त्या दिवशी माह्या नाकाले कांदा काऊन लावला? दारात उभी होती, एक शब्द बोलली असती!"

तिनं बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. म्हने, "बोलली असती तं दोन येड्या झाल्या असत्या."

"दोन झाल्या असत्या तं काय बिघडलं असतं?"

तिनं बरणी माह्याकडं सरकवली.

मंग मी म्हनली, "लोनचं संपलं. करनारी पावसात नवं घालते. जूनमंदी ती सोता येऊन राह्यली पोरीले सोडाले, दिवसाढवळ्या, समोरच्या दारानं. पायजे तं बरणी तिच्या हातात द्या. माह्या हातात नाई घेत मी आता."

ती उठली. मले वाटलं बरणी पदराखाली घालून नेईन. गेली तशीच. बरणी ओसरीवर राह्यली. मी मांगून हाक मारली, "आशाबाई, बरणी इसरली वो!" तिनं वळून पायलं नाई, पन मान हालवली. इसरली नोती.

आज तिसरा दिवस. मी ते हालवली नाई. रस्त्यावरून जानारा हरेक जन पायते. पाटलाच्या घरची बरणी हाय हे शेंबड्या पोराले बी ओळखू येते. काल गुणवंतराव सोता समोरून गेला. बरणीकडं पायलं, माह्याकडं पायलं, अन् आभाळाकडं पाहून म्हनला, "यंदा पानी लवकर येते वाटते." मी म्हनली, "हो पाटील, वास्ते चांगले निंघतीन."

याच्यानं काई झालं असं समजू नको. विहीर तीच हाय, पोचू तोच हाय, अन् जून अजून याचा हाय. कोनी आपल्याले हासत पंगतीत बसवनार नाई. मी रोज एकदा चिडते अन् रोज एकदा बरणी पुसते.

बाकी बुधरी अन् इतवारी कोनत्या दिवशी येतात ते कळव. पन ते पाकिटात नको लिहू. कार्डावर लिही, मोठ्या अक्षरात.

बाई